बेकायदेशीर सूचना

दिनांक २९ मार्च, रविवार. ठिकाण: शाळेची पहिली खोली. विषय: देवीची चैत्री जत्रा, नियंत्रण कक्षाची तयारी.

हजर: सरपंचबाई, बीट जमादार, कॉलेजात संगणक शिकवायला आलेले नवे सर, आणि जत्रा समितीची चिटणीस म्हणून मी.

गैरहजर: साउंडवाले चाचा. यंदा माइकवर दुसरा माणूस बसवा, असा त्यांचा निरोप आहे.

निरोप वाचून दाखवल्यावर सरपंचबाई म्हणाल्या की दुसरा आवाज उतारावर चालणार नाही आणि तसं असेल तर त्या जबाबदारी घेणार नाहीत. जमादारांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर उतार रिकामा होता. एक शेळी कडेचं गवत खात होती.

उतार म्हणजे देवळाकडे जाणारी वाट. देऊळ टेकडीवर आहे. वर जायला ही एकच वाट, एका अंगाला शाळेची भिंत आणि दुसऱ्या अंगाला उभा खडक. आमची जत्रा पोहरादेवीसारखी नाही, लहान आहे. पण आजूबाजूच्या तांड्यांवरून माणसं येतात, ऊसतोडीला गेलेली कुटुंबं नवस फेडायला त्याच दिवशी गाठतात, आणि वाट अरुंद असली की लहान जत्रेलाही धाप लागते. मी दर वर्षी कामांची यादी करते. पाणी, सावली, दवाखान्याची गाडी, दोर. यादीत लिहिता न येणारं एकच काम आहे, त्या उतारावरची माणसं एका आवाजावर थांबली पाहिजेत. तो आवाज चाचांचा आहे.

चाचा का येत नाहीत हे नव्या सरांना समजावून सांगायची वेळ आली, तेव्हा मला जुन्या सरांपासून सुरुवात करावी लागली. ते या हिवाळ्यात अकोल्याच्या दवाखान्यात वारले.

जुने सर आमच्या मानोऱ्याच्या कॉलेजात संगणक शिकवत आणि मी तिथल्या कार्यालयात हेडक्लार्क. एका आवारात पुष्कळ वर्षं काढली. त्यांच्याबद्दल बोलायचं म्हटलं की सगळ्यात आधी त्यांचं भिणं आठवतं. दुसरा माणूस जसा पान खातो किंवा विडी ओढतो, तसे सर भीत. नियमाने आणि दिवसभर. कसे आहात असं विचारलं की "अजून तरी" एवढंच उत्तर मिळे. स्वतःच्याच लॅबच्या दारावर टकटक करून थांबत, मग कुलूप काढत. कुलूपबंद खोलीत कोण असणार, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "कोनी नसनच मॅडम. पन असलं तं त्याले बी अचानक भेव वाटू नये."

लग्नाच्या पंगतीत ते दाराजवळच्या टोकाला बसत आणि चपला पिशवीत घालून मांडीशी ठेवत. यजमानाला वाटे, सरांना चपलाचोराची भीती आहे. त्यांना पळायला उशीर व्हायची भीती होती. कशापासून पळायचं हे ठरलेलं नसे.

त्यांचं गाव कामरगाव. शनिवारी गावी जायला ते मानोऱ्याच्या स्टँडवर उभे राहत आणि भरलेली जीप आली की मागे सरत. भरलेली म्हणजे सरांच्या हिशेबाने. ड्रायव्हरच्या हिशेबाने ती अर्धी रिकामी असे. एक ड्रायव्हर त्यांना दर शनिवारी चिडवी, "काहून सर, याच्यात बी यम बसला काय?" सर शांतपणे म्हणत, "बसला असन तं त्याची सीट तरी सोड बापा. त्याच्या मांडीवर कोनाले बसवू नको." आणि पुढच्या गाडीची वाट पाहत. त्या स्टँडवर मी त्यांना कधी हसताना पाहिलं नाही, आणि कधी गर्दीत शिरतानाही पाहिलं नाही. या भीतीचं कारण आम्ही कधी विचारलं नाही. लहानपणी कुठल्या तरी यात्रेत बापाचा हात सुटला होता, असं कॉलेजचा शिपाई सांगे. पण तो शिपाई माझ्याबद्दलही पुष्कळ काही सांगे.

सरांचा दुसरा नाद मराठीचा. लॅबमधल्या सगळ्या संगणकांवर त्यांनी मराठी बसवली होती. बटणं, खिडक्या, पाट्या, आणि मुख्य म्हणजे चुका. संगणक अडला की जी ओळ दाखवतो, ती प्रत्येक ओळ त्यांनी स्वतः मराठीत आणली होती. ज्या चुका उभ्या जन्मात कोणाच्या पडद्यावर आल्या नव्हत्या, त्याही. 'माउस'ला ते माउसच म्हणत, तेवढं भान होतं. पण प्रोग्रामला 'आज्ञावली' म्हणायला त्यांनी नकार दिला, कारण तांड्यावरून येणारी पोरं त्या शब्दालाच बिचकत. त्यांनी साधा 'कार्यक्रम' ठेवला. 'इन्स्ट्रक्शन'ला 'आज्ञा' नको, ती पोलिसी वाटते, म्हणून 'सूचना' ठेवली. एवढी खटपट कशाला, असं प्राचार्यांनी विचारलं तेव्हा सर म्हणाले होते, "पोट्टे इंग्रजीले भेतात. मराठीत भेले, तं कायले भेलो एवढं तरी समजते."

चूक दिसायला हवी, म्हणून त्या ओळी ते पडदाभर मोठ्या अक्षरांत दाखवत. लहान अक्षरातली चूक कोणी वाचत नाही, याची त्यांना भीती होती.

जत्रेत सर आले ते गेल्या वर्षी, माझ्या आग्रहाने. त्यांनी शाळेच्या भिंतीवर आणि खडकावर कॅमेरे लावून घेतले. कॅमेऱ्यातलं चित्र संगणकात येई, संगणक डोकी मोजे, आणि पडद्यावर उताराचे पट्टे रंगीत दिसत. हिरवा म्हणजे चालू द्या, पिवळा म्हणजे सावकाश, लाल म्हणजे थांबवा. लाल झालं की चाचा माइकवरून सांगणार, खालचे थांबा, वरचे मागच्या दाराने उतरा. त्याआधी चाचा मंडपाच्या माचाणावर बसून डोळ्यांनी पाहत आणि बोलत. सरांना माचाण धोक्याचं वाटलं. त्यांनी चाचांना, त्यांच्या माइकला आणि अॅम्प्लिफायरला शाळेच्या पहिल्या खोलीत आणलं. या खोलीची खिडकी तेव्हा पाट्या रचून झाकलेली होती. चाचांना उतार दिसायचा तो आता पडद्यावरच.

चाचांचं मानोऱ्यात दुकान आहे. भोंगे, अॅम्प्लिफायर, मिक्सरची दुरुस्ती. हरवलेल्या माणसांची नावं सांगण्यात त्यांचा हातखंडा. त्यांच्या आवाजात घाई नसते, आणि मुलाचं नाव, बापाचं नाव, तांड्याचं नाव सांगून झालं की ते थोडं थांबतात, जणू समोरच्याचं उत्तर ऐकत आहेत. भोंग्याच्या परवानगीवरून दोन वेळा त्यांना ठाण्यात बसावं लागलं होतं. दोन्ही वेळा कागद त्यांच्याजवळ होता आणि दोन्ही वेळा कागदावरचा एखादा शब्द कमी पडला होता.

आता यंत्राचं सांगते, कारण नव्या सरांनीही मला इथेच थांबवून प्रश्न विचारले.

डोकी मोजायला संगणकाला आकड्यांचे ढीगच्या ढीग गुणावे लागतात. प्रत्येक कार्यक्रम ते स्वतः करत नाही. सिस्टिमच्या पोटात तयार कामांची कपाटं असतात, त्यांना लायब्ररी म्हणतात. गुणाकार हवा, काढा त्या कपाटातून. नव्या प्रोसेसरला एका दमात पुष्कळ आकडे गुणता येतात, जुन्याला थोडे थोडे. म्हणून सिस्टिम एकाच लायब्ररीच्या निरनिराळ्या आवृत्त्या बाळगते. कार्यक्रम सुरू होताना ती खालचा प्रोसेसर पाहते आणि त्याला झेपेल ती सगळ्यात वेगवान आवृत्ती हातात देते. कार्यक्रम तोच, पण नव्या यंत्रावर धावतो आणि जुन्यावर निदान चालतो.

हे मला जुन्या सरांनी सांगितलं नव्हतं. सरपंचबाईंना सांगत होते, मी ऐकलं. बाईंचा प्रश्न होता की कॉलेजचा नवा संगणक आणि माझ्या कार्यालयातला जुना, दोन्हीवर एकच डिस्क कशी चालते. जुना आम्ही राखीव म्हणून ठेवला होता.

सर म्हणाले, "बाई, तुमच्या वावरात तिफणीले कोन्ती जोडी जुंपतात?"

"तरणी."

"अन् म्हातारी?"

"तिले डवरा. तिफण कशी ओढन ते?"

"गड्याले रोज सांगा लागते काय तुमाले?"

"त्याले डोये हायेत न."

"तसेच या सिस्टिमले डोये हायेत. जोडी पाह्यते अन् औजार देते."

तिफण पेरणीची, ओढायला जड; डवरा तण काढायचा, हलका. बाई खूश झाल्या. सर मात्र झाले नाहीत. संगणकाकडे पाहून अर्धवट स्वतःशी म्हणाले, "पन गडी आपल्या मांगं काय जुंपते, हे कोन पाह्यते?"

त्या वाक्यात सर सगळे आहेत. त्यांना यंत्राची भीती नव्हती. आपल्या पाठीमागे, न विचारता, कोणीतरी निवड करतं याची होती.

आणि ती भीती खरी ठरावी असं एकदा घडलंही. जत्रेआधीच्या तालमीत शाळेच्या पोरांना आम्ही उतारावरून चालवलं. पडद्यावर वरचा पट्टा लाल झाला. मी दारातून बाहेर डोकावले, तर वर कोणी नव्हतं. पोरं देवळाच्या ओट्यावर जाऊन प्रसादाचे दाणे खात होती. पडदा आम्हाला निघून गेलेली गर्दी दाखवत होता. खरी गर्दी त्याच्या पुढे होती, आणि त्या वेळी ती कुठे दाटली असती तर आम्ही इथे हिरवा रंग पाहत बसलो असतो.

सरांनी शोधून काढलं. मोजणीच्या कार्यक्रमासोबत आलेल्या काही जोड-कार्यक्रमांमुळे नव्या संगणकालाही लायब्ररीची साधी, संथ आवृत्ती मिळाली होती. तरण्या जोडीला डवरा. यंत्राने काही बिघडलं असं सांगितलं नव्हतं, कारण त्याच्या मते काही बिघडलंच नव्हतं, काम चालू होतं.

सर त्यानंतर दोन दिवस जेवले की नाही कोण जाणे. शेवटी त्यांनी साध्या आवृत्त्या डिस्कवरून काढूनच टाकल्या. वेगवान तेवढी ठेवली, तीही साधीच्या जागी. पर्यायच नको, म्हणजे चुकीचा पर्याय निवडला जायला नको. मग दोन्ही संगणक तंतोतंत सारखे असावेत म्हणून तीच डिस्क जशीच्या तशी राखीव संगणकावर उतरवली. राखीव आधी एकदा चालवून पाहिला होता, सावकाश पण नीट चालला होता. नव्या डिस्कवर पुन्हा चालवायचा तर कॅमेऱ्यांच्या वायरी काढून त्याला लावाव्या लागल्या असत्या, आणि चालू वायरी काढायला सर भ्याले.

जत्रेच्या दिवशी माझी आई बायकांच्या रांगेत होती. गुडघे दुखत होते, तरी ऐकली नाही. रांगेत उभं राहिल्याशिवाय दर्शन म्हणजे चोरी, असं तिचं मत आहे.

दुपार तापली होती. ऊसतोडीच्या गाड्या एकदम आल्या आणि खालचा पट्टा पिवळ्याचा लाल झाला. चाचांनी माइक उचलला. "उतारावरच्या माय-बहिनीनो, खालचे लोक जाग्यावर थांबा, वरच्या लोकायनं..." आणि त्याच वेळी मुख्य संगणकाचा पंखा घरघरला आणि पडदा काळा झाला. उन्हाने यंत्र बंद पडलं होतं.

सर त्या दिवशी पहिल्यांदा शांत दिसले. असं काही होणार याची त्यांना इतकी वर्षं खात्री होती की झाल्यावर त्यांना सुटल्यासारखं वाटलं असावं. त्यांनी वायरी काढल्या, राखीव संगणकाला लावल्या, बटण दाबलं. पडदा उजळला. आणि पडदाभर अक्षरं आली:

बेकायदेशीर सूचना.
कार्यक्रम बंद.

चाचांनी ती वाचली. वाक्य अर्ध्यावर सोडून त्यांनी माइक टेबलावर ठेवला, अॅम्प्लिफायरचा खटका खाली ओढला आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसले.

भोंगे गप्प झाल्यावर बाहेरचा आवाज आत आला. तोपर्यंत तो ऐकू येत नव्हता. एक सलग, जाड आवाज, शेतावर टोळ उतरावेत तसा.

जमादारांनीही अक्षरं वाचली. जत्रेची परवानगी वरून रद्द झाली की काय, हे विचारायला ते फोन घेऊन बाहेर पळाले.

मी म्हटलं, "चाचा, माइक घ्या. वाक्य अर्धं राहिलंय."

"मॅडम, लिवून आलं न. दोन बार बसलो मी ठान्यात या भोंग्यापायी. आता तिसऱ्या बार नाई बसत."

"ते तुमच्यासाठी नाही."

"मंग कोनासाठी हाये? सूचना तं मीच देऊन राह्यलो."

मी सरांकडे पाहिलं. सरांना त्या ओळीचा अर्थ माहीत होता; इंग्रजीतलं 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' त्यांनीच शब्दाला शब्द ठेवून मराठीत आणलं होतं. तिफण म्हाताऱ्या जोडीला जुंपली गेली होती, आणि डवरा त्यांनी स्वतः घरातून हलवला होता. जोडी निदान दोन पावलं ओढून पाहते. प्रोसेसर तसं करत नाही. न येणारं काम समोर आलं की तो त्याच पावलावर थांबतो आणि सिस्टिम कार्यक्रम गुंडाळते. पण हे सरांच्या तोंडून निघेना. ते एवढंच म्हणत राहिले, "ही सूचना ती सूचना नाई. ती सूचना वेगळी." मग त्यांनी आमच्याकडे पाठ केली, अॅम्प्लिफायरचा खटका वर केला आणि माइक स्वतः हातात घेतला.

जन्मभर गर्दीपासून दूर राहिलेला तो माणूस गर्दीशी पहिल्यांदा बोलला. त्याचा आवाज थरथरत होता. तो म्हणाला, "कृपया घाबरू नका."

उतारावर तोपर्यंत कोणी घाबरलेलं नव्हतं. माणसं कोंडलेली होती, वैतागलेली होती, पण उभी होती. भोंग्यातून अनोळखी माणूस थरथरत्या आवाजात घाबरू नका म्हणाला आणि भिंतीपलीकडचा तो जाड आवाज बदलला. त्यात उंच, बारीक किंकाळ्या मिसळल्या. शाळेच्या भिंतीवर आतून लावलेला नकाशा हलला. भिंत हलली की काय, असं मला वाटलं. आता कळतं की बाहेरून माणसं तिच्यावर रेटली जात होती.

मी पडद्याची वायर उपटली. अक्षरं गेली. चाचांना म्हटलं, "आता काही लिहिलेलं नाही. माझी आई आहे तिथे."

चाचांनी काळ्या पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. विचारलं, "नाव सांगा. लुगडं कोन्तं?"

मी सांगितलं. त्यांनी सरांच्या हातातून माइक काढून घेतला. सरांची बोटं सोडवावी लागली. आणि चाचांनी थांबा म्हटलं नाही, मागे सरका म्हटलं नाही. त्यांनी रोजच्या आवाजात, रोजच्या संथपणे माझ्या आईचं नाव घेतलं. "एक म्हातारी हरवली हाये. नाव ऐका. ज्याईच्या बाजूले असन, त्याईनं हालू नका. हिरवं लुगडं. जिथं हायेत तिथंच राहा अन् आपल्या बाजूले पाहा." आणि थांबले. मग पुन्हा नाव. पुन्हा थांबले.

आज्ञा केली तर माणूस अजून रेटतो. पण हरवलेल्या माणसाचं नाव आलं की तो थांबतो, कारण ते आपलं असू शकतं. उतारावरची माणसं बाजूला पाहू लागली. ज्याने बाजूला पाहिलं त्याचा पाय पुढे पडला नाही. आवाज हळूहळू खाली बसला. मग चाचांनी वरच्यांना मागच्या दाराने उतरवलं, खालच्यांना एकेका तांड्याच्या नावाने मागे बोलावलं. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता, आणि प्रत्येक वाक्यानंतर ते काळ्या पडद्याकडे एक नजर टाकत होते, तिथे पुन्हा काही लिहून येतं की काय म्हणून.

कोणाचा जीव गेला नाही. काही जण पडले, खरचटले, तांड्यावरच्या एका बाईच्या बरगडीला मार लागला. माझ्या आईचं मनगट मोडलं. कॅज्युअल्टीत प्लास्टर चढत असताना ती रागाने मला म्हणाली, "मी कुठं हरवली होती? जत्राभर माह्यं नाव कायले घेतलं? आता सोयरे काय म्हनतीन, म्हातारी भरमली?" ती आजही रांगेत जात नाही. गुडघ्यांचं कारण सांगते. पण घरात दोन पाहुणे जास्त झाले तरी ती उठून अंगणात जाते, हे मी पाहते आहे.

सरांनी दुसऱ्याच दिवशी साध्या आवृत्त्या परत जागेवर ठेवल्या. दोन्ही संगणक चालवून पाहिले, माझ्यासमोर, पुन्हा पुन्हा. जुना सावकाश का होईना मोजू लागला. मग ते मला म्हणाले, चाचांकडे जाऊन येऊ.

चाचांच्या दुकानात मिक्सरच्या भांड्यांमध्ये बसून सरांनी सगळं नीट सांगितलं. लायब्ररी, प्रोसेसर, जोडी, तिफण. चाचांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे त्या जुन्या मशीनले ते काम येतच नव्हतं?"

"नव्हतं."

"मंग सरळ म्हनावं न त्यानं, मले येत नाई. त्याच्यात बेकायदेशीर काय हाये?"

सर म्हणाले, "तो पारिभाषिक शब्द आहे."

चाचा स्क्रू पिळत म्हणाले, "ठान्यातल्या कागदावर बी पारिभाषिकच होता सर."

सरांनी शब्द बदलतो असं कबूल केलं. चाचा म्हणाले, बदलला की मला दाखवा, मग मी माइक धरतो. त्यानंतर मी सरांना अनेकदा आठवण केली. सर फाइल उघडत. 'मला येत नाही' ही साधी ओळ टाइप करायला बसत. मग म्हणत, उद्या पाहू. मी एकदा त्यांच्या मागे उभी होते. त्यांनी 'मला' लिहिलं, पुसलं. 'यंत्राला' लिहिलं, पुसलं. 'अमान्य' लिहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, हेही ठाण्यातलंच आहे. त्यांनी तेही पुसलं. मुलांच्या शंकेला 'मला येत नाही' असं म्हणताना मी सरांना कधी ऐकलं नव्हतं. येत नसलं तर ते विषय बदलत, कपाळावरचा घाम पुसत आणि खिडकीकडे पाहत. मग हिवाळा आला आणि ते अकोल्याला गेले.

हे सगळं बैठकीत सांगून झालं. खिडकीच्या पाट्या आम्ही आता काढल्या आहेत, उतार दिसतो. नव्या सरांनी साध्या आवृत्त्या जागेवर आहेत का ते तपासलं, आहेत. दोन्ही संगणक मोजतात. मी म्हटलं, मग ती ओळही आजच बदलून टाका, चाचांना दाखवायला घेऊन जाते.

नव्या सरांनी फाइल उघडली. जुन्या सरांनी ती कशी बांधली होती हे त्यांना कळेना. बदलून ती पुन्हा सिस्टिममध्ये बसवावी लागेल, आणि जत्रा तोंडावर आली असताना चालू सिस्टिमला हात लावायला त्यांना भीती वाटते, असं ते म्हणाले. साध्या आवृत्त्या आहेत, म्हणजे ती ओळ पुन्हा येणारच नाही, असंही म्हणाले. सरपंचबाई म्हणाल्या, "येनार नाई तं मंग बदलाले काय जाते?" जमादार म्हणाले, जत्रेनंतर पाहू.

मी समितीच्या यादीत काम लिहिलं आहे: 'बेकायदेशीर सूचना' काढून तिथे 'मला येत नाही' घालणे, मग चाचांना बोलावणे. दोर आले, पाण्याचे टँकर ठरले, दवाखान्याच्या गाडीला निरोप गेला. माइकवर कोण बसणार त्याची जागा कोरी आहे. ओळ अजून बदललेली नाही.